पट्टीसरांवरचा सूड

सोमवार, ३ जून
इंटर्नशिप सुरू. विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन पोर्टफोलिओचे तयार टेम्प्लेट बनवायचे. त्यांनी फक्त आपला फोटो टाकायचा, मजकूर बदलायचा, की वेबसाइट तयार. जुलैअखेर आम्हा इंटर्नपैकी एकाला नोकरी देणार. म्हणजे मला. बाबांनी बजावलंय, हेही अर्धवट सोडलंस तर मुकाट्याने मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. तिथे माझी चप्पलही बसणार नाही.

शुक्रवार, ७ जून
माझं पहिलं डिझाइन दाखवलं. काळा पडदा, माउस जाईल तिथे नारिंगी ठिणग्या. एका साइटवर पाहिलं होतं, पण सुचलं मला. आमचे सीनियर स्क्रीनला खरीखुरी पट्टी लावून अंतरं मोजतात, म्हणून पट्टीसर. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा पोर्टफोलिओ आहे की वेल्डिंगचं दुकान? सगळे खिदळले. रिसेप्शनवालीसुद्धा.
सूड घेणार.

सोमवार, १० जून
सुडाचं प्लॅनिंग. आधी कुठल्या फॉन्टमध्ये लिहावं ते बघत होतो. फॉन्टवरून जुन्या छापखान्यांवर गेलो, तिथून बोटींवर. बोटींबद्दल आता मला बरंच कळतं.

बुधवार, १९ जून
सुडाचा मार्ग सापडला! प्रत्येक टेम्प्लेटमध्ये एक नमुन्याचा माणूस लागतो. त्याचं ‘माझ्याविषयी’ मी लिहिलं:
‘मी रोज उशिरा येतो. दुसऱ्याचं बघून करतो आणि आपलं म्हणून मिरवतो. हाती घेतलेलं एकही काम तडीला नेत नाही. तरी माझ्यासारखा मीच.’
हुबेहूब पट्टीसर! (उशिरा येतात का, नक्की माहीत नाही. मी पोचतो तेव्हा ते आलेले असतात.) आता जगभर बदनामी.

शुक्रवार, २८ जून
टेम्प्लेट पास! पट्टीसरांनी समास मोजले, मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नमुन्याचा मजकूर कोण वाचतं, म्हणाले.

मंगळवार, ९ जुलै
टेम्प्लेट धडाधड वापरलं जातंय. पण जो तो पहिल्यांदा मजकूरच पुसतो. कृतघ्न लेकाचे.

सोमवार, २२ जुलै
नोकरी हवी त्याने आपल्याच टेम्प्लेटमध्ये स्वतःचा पोर्टफोलिओ करून शुक्रवारपर्यंत पाठवायचा. डाव्या हातचा मळ! ताईकडून फोटो काढून घेतले. डावीकडून, उजवीकडून, विचारमग्न. ताई म्हणाली, बाळा, कामाचं बघ जरा, तोंड काय, सगळ्यांनी पाहिलंय.

शुक्रवार, २६ जुलै
पाठवला. घाईत, पण फोटो असा आलाय की बाकी कुणी काही बघणारच नाही. नोकरी लागली की पहिलं काम, पट्टीसरांची पट्टी मोडणे.

सोमवार, २९ जुलै
मुलाखत. भिंतीवर प्रोजेक्टरने माझा चेहरा, विचारमग्न. शेजारी मजकूर. तोच. बदलायचा राहिला.
पट्टीसरांनी मोठ्याने, सावकाश वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, इतकं प्रामाणिक पहिल्यांदाच वाचतोय, यातला एक शब्दही बदलू नकोस.
सांगणार होतो की सर, हे तुमच्याविषयी आहे. पण ते बरं दिसलं नसतं.
नोकरी दुसऱ्या एका इंटर्न मुलीला. रिसेप्शनवाली तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती.

गुरुवार, १ ऑगस्ट
मामाच्या दुकानात पहिला दिवस. नऊला बोलावलं होतं, साडेदहाला पोचलो. मामाला वेबसाइट नकोय. खिळे लांबीप्रमाणे वेगळे करून हवेत.
त्यासाठी मला एक पट्टी दिली आहे.
मामाचाही सूड घेणार. आधी हे खिळे.