तुझ्या नावाची डबी

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझा खोकला आठवावा लागतो. कॉलेजच्या पोरांच्या त्या मेसमध्ये तू चपात्या लाटायचीस. माझं दहावीचं वर्ष. शाळा सुटली की मी तिथंच मागच्या दारात वह्या घेऊन बसायचे. उबळ आली की तू लाटणं बाजूला ठेवून तव्यावर मूठभर हिरव्या मिरच्या टाकायचीस. खर्ड्याचा असा ठसका उठायचा, की भांडी घासणाऱ्या बाईपासून ताटावर बसलेल्या पोरांपर्यंत सगळे खोकायचे, आणि त्यांच्यात तू पोटभर खोकून घ्यायचीस. "मावशी, आज पण खर्डा?" पोरं विचारायची. "मग काय श्रीखंड देऊ? कोल्हापुरात आलायसा न्हवं?" तू पदराआडून म्हणायचीस. मला तेव्हाच संशय यायचा, कारण घरी तू मिरचीला हात लावायचं सोडलं होतंस. वस्तीतल्या आपल्या एका खोलीत तुझा कपही वेगळा झाला होता, आणि झोपताना तू भिंतीकडे तोंड करायचीस. तुझ्या कपातला उरलेला चहा प्यायला मी हात पुढं केला, तर फाडकन हातावर मारलंस. का, ते सांगितलं नाहीस.

मेस चालवणाऱ्या वहिनींनाही शंका आली. "मावशी, तुमच्यावर इस्वास हाय, पर हितं पोरं जेवत्यात. टीबी न्हाय म्हणून दवाखान्याचा कागद आणा. न्हायतर तुमच्या जागी पोरीला धाडा. मोठी झालीय की आता." "आणते की कागद," तू हसून म्हणालीस.

दवाखान्यातून तू झाकणाची एक डबी आणलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चूळ भरायच्या आधीच, ती माझ्यापुढं धरलीस. "यात थुक. छातीतनं वडून काढ."

"कशाला?"

"साळंतल्या पोरींचं तपासत्यात म्हणं."

डबीला चिकटवलेल्या पट्टीवर निळ्या शाईत तुझं नाव होतं. तुला वाचता येत नव्हतं. मी ते वाचलं. जोर लावून खोकले. मग डबी दवाखान्यात द्यायलाही तू मलाच पाठवलंस. कागद चांगला आला, वहिनींनी तो ट्यूबलाइटखाली धरून दोनदा वाचला, आणि तू परत लाटायला बसलीस. पुढचा पावसाळा तू पाहिला नाहीस.

दोन हजार सालानंतर मी त्याच वस्तीत टीबीच्या गोळ्या द्यायचं काम धरलं. गोळी माझ्यासमोर गिळायला लावते, वर तोंड उघडायला लावते, कारण बायका ती जिभेखाली ठेवतात. डबी घेताना प्रत्येकीला विचारते, "हे तुमचंच न्हवं?" एकदा एक जण भडकली. "माझं न्हाय तर काय शेजारणीचं आणलंय? पोलिसात दे की बाई मला." दारातल्या बाया हसल्या. मी हसले नाही. दुसरी डबी दिली आणि तिला माझ्यासमोर खोकायला लावलं. लोक म्हणतात, हिचा कुणावर भरवसा नाही. खरंच नाही. नवरा टाकेल, काम जाईल, या भीतीनं बाई काय काय करते ते मी जवळून पाहिलंय.

मी काम शिकवते त्या मुलींना तुझी गोष्ट सांगते. त्यात तू मला फसवलंस आणि मला काहीच कळलं नाही, असं असतं. त्या हळहळतात. पट्टीवरचं नाव मी गोष्टीतून गाळते. हे पानही त्यांना दाखवणार नाही.

दवाखान्याच्या खिडकीतल्या सिस्टरनं डबी हातात फिरवून विचारलं होतं, "आईचंच आहे ना?" नाही म्हणायला तेवढा एक क्षण होता. मी हो म्हणाले. तुझा पगार, आपलं घर, यातलं काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. मला तुझ्या जागी चपात्या लाटायच्या नव्हत्या, एवढंच होतं.