ऑर्ब नदीच्या खोऱ्यातलं घर

प्रिय बास्तियाँ,

दक्षिणेत घर शोधतेय असं मी कळवलं, तेव्हा म्हातारीला ऊन हवंय असंच तुला वाटलं असेल. खरं कारण तुझे बाबा आहेत. ते विसरत चाललेत रे. तिकडे उत्तरेला, लील शहरात, आपल्याच घरात रोज संध्याकाळी कोट चढवून दारात उभे राहतात आणि म्हणतात, "चल, आता घरी जाऊ." म्हणून त्यांना इथे, त्यांच्या आजोळच्या मुलखात घेऊन आले.

बरीच गावं पालथी घातली. कुठे विहीर आटलेली, कुठे वणव्याची धास्ती. काल द्राक्षमळ्याला लागून असलेलं एक घर बघत होतो, तर शेजारच्या माद्लेनबाई कुंपणापाशी आल्या. तुझे बाबा त्यांच्याशी एकदम आजोळच्या बोलीत बोलायला लागले. एवढ्या संसारात मी ती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. दोघं खळखळून हसत होते.

माद्लेनबाईंनी मला विचारलं, "यांच्या मंडळी ना तुम्ही?"

मी काही बोलायच्या आतच तुझे बाबा म्हणाले, "छे हो! या बाई घर बघायला आल्यात. भल्या दिसतात."

घर दाखवणारा गृहस्थ ताटकळला होता. "मग, काय ठरलं मादाम?"

मी म्हटलं, "घेते."

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तू धावत येशील, आणि तुलाही त्यांनी पाहुणा म्हटलं तर ते मला बघवणार नाही.

तुझी आई,
ओदील