आमच्या टेबलाची सगळी मतं

२८ फेब्रुवारी, सोमवार
ईस्टरआधीचे उपवास आजपासून. आज मांस नाही, दूध-लोणी नाही; पुढे दर शुक्रवारी फक्त मांस वर्ज्य. यंदाचा नेम: कुणाला नावं ठेवायची नाहीत. कोलीन ब्रेननलासुद्धा नाही.

दुपारी डेमियन आला. दोन बॅगा घेऊन. एरवी एकच असते. कॉफी पिताना म्हणाला, मॉम, कायद्याने मी आता इथे राहतो. फिलाडेल्फियाच्या वकिलाने इथल्या लोकांकडे कोणत्या तोंडाने मतं मागायची, म्हणून मतदारयादीत पत्ता आपल्या घराचा घातलाय. मी नळ सोडून भांडी धुवायला घेतली. धुतलेलीच होती.

खासदार होऊन वॉशिंग्टनला जायचं तर दोन पायऱ्या. मे महिन्यात प्रायमरी: डेमोक्रॅट पक्षाने आमच्या डेमियनला उभं करायचं की त्या कोलीनबाईला, ते तेव्हा ठरणार. खरी निवडणूक नोव्हेंबरात. निवडून आला की बिऱ्हाड इथेच करावं लागेल, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याच्या वडिलांना, एमिलला, जाऊन पाच वर्षं झाली. पाच वर्षं मी दोघांचा स्वयंपाक करते आणि दोन दिवस पुरवून खाते.

वरच्या खोलीत नवी गादी टाकली. सेलमधली. तरी खर्च बराच झाला, पण गादी वीस वर्षं जाते.

डेमियनने दोन सूट कपाटात टांगले आणि संध्याकाळी फिलाडेल्फियाला परत गेला. उद्या सकाळी कोर्ट आहे. बरोबरच आहे.

४ मार्च, शुक्रवार
चर्चच्या तळघरात पिरोहीचा पहिला शुक्रवार. बटाटे काल उकडून ठेवलेच होते. आम्ही दहा जणी पहाटेपासून टेबलाला. पारी लाटायची, बटाटा-चीजचा गोळा भरायचा, कडा चिमटीने दाबायच्या. दुपारपर्यंत सगळं कोलब्रुक गाव विकत घ्यायला डबे घेऊन रांगेत.

बातमी मी हात चालू ठेवूनच सांगितली. स्टेला म्हणाली, कुठला डेमियन गं, ज्याने मेणबत्तीने फादर मायरनची बाही पेटवली होती तो? म्हटलं तोच, तेव्हा नऊ वर्षांचा होता. वर्ना म्हणाली, मग वॉशिंग्टनला पाठवायलाच हवा बाई, इथून जेवढा लांब तेवढा बरा. सगळ्या हसल्या. पण मत देणार का विचारल्यावर सगळ्यांनी हात वर केले. कोपरापर्यंत पिठाचे. वर्नाने नाही केला, ती मतदानाच्या दिवशी बंबवाल्यांच्या फायर हॉलमधल्या केंद्राची मुख्य असते, तिला तसं करता येत नाही. पण मान हलवल्यासारखी वाटली.

म्हणजे टेबलाची सगळी मतं पक्की. घरटी दोन धरली तर दुप्पट.

१२ मार्च, शनिवार
डेमियनची प्रचाराची माणसं आज आमच्या गल्लीत. सोबत त्याची मॅनेजर केंड्रा, हातात यादी. समोर स्टेलाच्या दारात दहा मिनिटं थांबले. आमच्या दारावरून पुढे गेले. मीच ओट्यावरून हाका मारल्या, केक कापला. चवीने खाल्ला, यादीत पाहिलं, थँक्यू म्हणाले आणि गेले. आईचं मत कोण मागतं?

पत्रकांचं मात्र कळत नाही. स्टेलाकडे आत्तापर्यंत चार आली, गुळगुळीत, रंगीत, वर डेमियनचा फोटो. माझ्याकडे एक नाही. पोस्टमनला विचारलं, तर म्हणतो, बाई, ज्यावर तुमचं नाव नाही ते मी तुम्हाला कुठून देऊ? उद्धट मेला.

(नेम मोडला. रात्री एक प्रार्थना जास्त.)

स्टेलाकडून एक पत्रक मागून आणलं. फ्रिजवर लावलं.

२७ मार्च, रविवार
या महिन्यात डेमियन एक रात्र राहिला. खालच्या सोफ्यावर झोपला, फोन छातीवर तसाच. वर का नाही गेला विचारलं, तर म्हणाला, वर रेंज येत नाही. शिवाय गादी नवी आहे. नवी गादी अंगाला लागायला वेळ घेतेच.

१ एप्रिल, शुक्रवार
आज डेमियन तळघरात आला! केंड्रा आणि फोटोवाला बरोबर. माझा एप्रन बांधला. मला फार वेळ बघवेना, मी कांदा परतायला गेले.

त्याने सहा पिरोह्या दाबल्या. सहाही पाण्यात फुटल्या आणि पातेल्याचं सूप झालं. स्टेला म्हणाली, वकीलसाहेब, तोंड नीट बंद करायला शिका. डेमियन पण हसला. फोटो छान आले. पाणी बदलून पुन्हा उकळेपर्यंत रांग रस्त्यापर्यंत गेली आणि काही लोक निघून गेले, पण त्यांच्यात आमच्या मतदारसंघाबाहेरचेच जास्त असतील.

ज्या ज्या बाईने पुन्हा शब्द दिला तिच्या डब्यात मी एक पिरोही जास्त घातली. पैसे माझ्या खिशातून पेटीत टाकले. चर्चचं नुकसान नको.

८ एप्रिल, शुक्रवार
वाईट दिवस.

टेबलावर पेपर. पहिल्या पानावर डेमियन, फायर कंपनीच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या जेवणात, सॉसेज खाताना. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी. उपवासाच्या शुक्रवारी! दुपारी आमच्या तळघरात हात पिठात आणि संध्याकाळी तोंडात सॉसेज.

दहा जणी गप्प असल्या की तळघरात फक्त बॉयलर ऐकू येतो. मी म्हटलं, बिनमांसाचं आहे, फिलाडेल्फियाला मिळतं तसलं. वर्नाने चष्मा वर करून फोटो पाहिला. म्हणाली, हनुवटीवर चरबीचा ओघळ तर खरा दिसतोय, टिली.

घरी येऊन फोन केला. म्हणाला, मॉम, कुणीतरी हातात दिलं, मी खाल्लं. केंड्रा म्हणते फोटोमुळे फायदाच झालाय, मी सामान्य माणूस वाटतो. विचारलं, दिलं कुणी? ते त्याला आठवत नाही. मला शंका आहे कुणी दिलं असेल त्याची. नाव लिहीत नाही. नेम आहे.

१६ एप्रिल, शनिवार
उद्या ईस्टर, म्हणून आज जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद. यंदा टोपली दोघांची भरली: गोड पाव, हॅम, अंड्याचं चीज, बीट घातलेली हॉर्सरॅडिशच्या तिखट मुळाची चटणी, लोण्याचं कोकरू. भरतकामाचं फडकं सासूबाईंचं.

डेमियन चारला येतो म्हणाला आणि चारला आला! टोपली हातात घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला. आत्ता कुठे वाटलं, माणूस घरी आलाय. फोटो झाला. फादर मायरन पवित्र पाणी शिंपडत आमच्या रांगेपर्यंत यायच्या आत त्याला टीव्हीच्या मुलाखतीला जावं लागलं. पाणी टोपलीवर पडलं. टोपली दोघांची होती, म्हणजे दोघांवर पडल्यासारखंच.

हॅम आठवडाभर पुरेल.

६ मे, शुक्रवार
मदर्स डेच्या विक्रीसाठी अक्रोडाचे रोल करायला सगळ्या जमलो. मी सहज म्हटलं, अकरा दिवस राहिले हं, मंगळवारी सगळ्या एकदमच जाऊ मतदानाला. वर्नाने लाटणं खाली ठेवलं.

म्हणाली, टिली, तू कोणत्या पक्षात आहेस?

म्हटलं, डेमियनच्या.

म्हणाली, नाहीस. दर वेळी माझ्यासमोर मतदारयादी असते, प्रत्येक नावापुढे पक्ष लिहिलेला. तू आणि एमिल, दोघं रिपब्लिकन.

मग आठवलं. पेन्शनच्या भांडणात एमिल डेमोक्रॅटांवर चिडला आणि काउंटीच्या कचेरीतून दोघांचा पक्ष बदलायचे फॉर्म घेऊन आला. मला म्हणाला इथे सही कर, मी केली. चुलीवर काहीतरी होतं. नोव्हेंबरात कुणालाही मत देता येतं, त्यामुळे कधी अडलं नाही. आणि मे महिन्यातल्या मतदानाला मी आयुष्यात गेलेले नाही, तेव्हा टोमॅटोची रोपं लावायची असतात.

आमच्या राज्यात प्रायमरीत आपापल्या पक्षाच्याच उमेदवारांना मत. पक्ष बदलायची मुदत? सोमवारी संपली. आजच्या आधीच्या सोमवारी.

वर्ना म्हणाली, अगं, या टेबलावर स्टेला सोडली तर सगळ्या तुझ्याच पक्षातल्या. डेमियनच्या लोकांकडे यादी होती की, त्यांनी तुला सांगितलं नाही? म्हटलं, कामात आहेत ते. मग त्या बायांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर हात का वर केलेत? एक म्हणाली, तू इतकी खुशीत होतीस. दुसरी म्हणाली, नोव्हेंबरबद्दल विचारतेयस असं वाटलं.

पण देव एक दार लावतो तेव्हा खिडकी उघडी ठेवतो. मतपत्रिकेवर शेवटी एक रिकामी ओळ असते, तिथे हाताने कुणाचंही नाव लिहिता येतं. वर्नानेच एकदा सांगितलेलं. मी म्हटलं, आपण सगळ्या तिथे डेमियन लिहू! वर्ना म्हणाली, ते मत दुसऱ्या पक्षातलं, टिली, त्याच्या बेरजेत येत नाही. मी वाद घातला नाही. मत ते मत. वरच्या ऑफिसात कुणीतरी शहाणा बसलेला असेलच. आणि समजा नाही धरलं, तरी पेपरात येईल की कोलब्रुकने पक्षबिक्ष न बघता आपल्या मुलाला उचलून धरलं. ते वाचल्यावर तो कुठे जाईल?

सगळ्या म्हणाल्या, हो टिली, लिहू. नावाचं स्पेलिंग चिठ्ठ्यांवर लिहून दिलं.

डेमियनला कळवलेलं नाही. केंड्रा उगाच ओरडेल. आणि आई दुसऱ्या पक्षात निघाली हे त्याने आत्ता कशाला ऐकायचं?

८ मे, रविवार
मदर्स डे. टीव्हीवर डेमियन दिसला. शेजारच्या काउंटीतल्या वृद्धाश्रमात प्रत्येक आईला स्वतःच्या हाताने गुलाब. एका म्हातारीचा गालाचा मुकासुद्धा घेतला. किती मायाळू आहे.

इथे फुलं आली नाहीत. त्याचा पत्ता हाच आहे, स्वतःच्याच घरी कोण फुलं पाठवतं.

१७ मे, मंगळवार
देवमाते, लाज राख.

सकाळीच फायर हॉल. वर्ना टेबलामागे. बाजूच्या बाईने मोठ्याने पुकारलं, सोपको, मॅटिल्डा, रिपब्लिकन. मागे रांगेत डेमियनचा बिल्ला लावलेली माणसं होती. मी स्वेटर ओढून माझा बिल्ला झाकला. वर्नाने कागद माझ्या हातात दिला आणि हात लगेच सोडला नाही.

रिकाम्या ओळीवर लिहिलं: डेमियन एमिल सोपको. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आहे तसं पूर्ण. अक्षर शाळेत माझं पहिलं यायचं.

बाहेर थांबून राहिले. टेबलावरच्या बायका एकेक करून येऊन गेल्या. प्रत्येकीने जाताना माझा दंड दाबला. झालं गं टिली, म्हणाल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. कशी माणसं दिली आहेत देवाने.

१८ मे, बुधवार
कोलीन ब्रेनन जिंकली. थोडक्या मतांनी, म्हणे.

काल हॉटेलच्या हॉलमध्ये डेमियनने सगळ्यांचे आभार मानले. केंड्राचे, सुतार युनियनचे, फायर कंपनीचे. माझे राहिले. घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत.

सकाळी घरी आला. अंडी तळून दिली, उभ्यानेच खाल्ली. मग वर गेला आणि सूट घेऊन खाली आला. दोन्ही. म्हटलं, एक राहू दे की. म्हणाला, कोर्टात लागतात. पत्ताही परत बदलून घेतोय म्हणाला. म्हटलं, एवढी काय घाई, जागा थोडीच खातो तो. म्हणाला, मॉम, राहत नसताना पत्ता ठेवणं बेकायदेशीर आहे. इथे तो वकील झाला.

आमच्या टेबलाच्या मतांचं सांगणार होते. चेहरा बघून नाही सांगितलं. सगळी मोजणी जाहीर झाली की आपणच वाचेल. मग फोन करेल.

२२ मे, रविवार
चर्चमध्ये वर्नाने मला मिठी मारली. ती मिठी मारणारी बाई नाही. विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही, थंडी आहे. थंडी नव्हती.

२४ मे, मंगळवार
डेमियनचा फोन आला. आपण होऊन. मी खुर्ची ओढून बसले.

आवाज बरा वाटला. म्हणाला, मॉम, ऐक, गंमत सांगतो. केंद्रवार आकडे आलेत. तुमच्या फायर हॉलमध्ये कुणीतरी रिपब्लिकन मतपत्रिकेवर माझं नाव लिहून आलंय. ऑफिसात सगळे हसतायत.

मी म्हटलं, किती जणांनी?

म्हणाला, एकाने.

म्हटलं, नीट बघ. कधीकधी कागद चिकटतात.

म्हणाला, एकच आहे मॉम. कुणीतरी वेडा असणार. मधलं नावसुद्धा लिहिलंय, डॅडचं. केंड्रा म्हणते माझ्यावर पाळत असेल कुणाची. आणि हसला. लहानपणी हसायचा तसाच, नाकातून.

मी म्हटलं, असेल कुणीतरी म्हातारं.

तो म्हणाला, मीटिंग आहे, ठेवतो.

कोण ते सांगितलं नाही. त्याला उगाच वाईट वाटलं असतं.