प्लेसमेंटची हाजिरी

४ जून २००१
पलासियातल्या आमच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटची वेबसाइट पूर्ण. एकटीने केली. फक्त 'प्लेसमेंट'च्या लिंकमागे पान नाही, कारण प्लेसमेंटच नाही; आम्ही कुणाला नोकरी लावून देत नाही. पान तयार नसलं की लिंकमध्ये पत्त्याऐवजी नुसती # खूण टाकतात. तात्पुरती सोय. सगळे करतात.
मालक जयेशभिया खूश. म्हणाले, अरुंधतीजी, हैदराबादच्या कंपनीला आपका नाम भेज दिया, समझो हो गया. घरी अजून सांगायचं नाही.

६ जून
त्या लिंकवर क्लिक केलं की पान एकदम वर उडतं. भिया म्हणाले, ये क्या बंदर जैसा कूदता है. क्लिकच्या कोडमध्ये 'रिटर्न फॉल्स' लिहिलं. आता क्लिक केलं की काहीच होत नाही. अगदी स्वच्छ काहीच नाही.

११ जून
भिया म्हणाले, कुछ तो दिखाओ यार, लोग पूछते हैं. क्लिक केलं की दिसेल असा संदेश टाकला: 'आपले नाव नोंदले आहे. धन्यवाद.' नाव कुठेही जात नाही. पण मजकूर मालकांचा, कोड माझा. कोडमध्ये चूक नाही.
दुपारी पान पुन्हा उडालं. नव्या कोडमध्ये रिटर्न फॉल्स लिहायचं राहून गेलं होतं. ब्राउझरने समजून घ्यायला हवं होतं.

१९ जून
सकाळच्या बॅचला आनंदरावकाका आहेत. बाबांबरोबर मिलमध्ये होते, शेजारीच राहतात. क्लास सुरू व्हायच्या आधी रोज 'प्लेसमेंट' दाबतात. मी विचारलं, एकदा दाबलं ना, रोज कशाला? म्हणाले, बेटा, हाजिरी. मिल थांबली तेव्हाही ले-ऑफमध्ये रोज गेटवर जाऊन सही करायची असे. चुकली की नाव कटलं. तुझ्या बाबांचं तसंच कटलं, तापात पडले होते.
उद्या काकांना खरं सांगायचं. नक्की.

२० जून
वर्गात माणसं होती.

२ जुलै
काकांच्या मेहुण्यांचा मानपुरला हायवेवर पेट्रोल पंप आहे. सुपरवायझर हवाय, ताबडतोब. काकू म्हणतात, डोळे मिटून जा. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मानपुरला गेलो तर इथली हाजिरी तुटेल, मग नाव राहील का? तू म्हणशील तसं करतो, तू शिकलेली.
भिया केबिनच्या काचेतून बघत होते. मी म्हणाले, काका, संदेश बरोबर येतोय. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.
काका म्हणाले, बस, फिर तो यहीं रुकते हैं.
मी त्यांना थांबा म्हटलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

९ जुलै
मानपुरला दुसरा माणूस लागला. काकू नळावर माझ्याशी बोलल्या नाहीत. बाबांना म्हणाल्या, तुमच्या पोरीने छान सल्ला दिला हो. सल्ला दिलाच नव्हता. लोक नीट ऐकत नाहीत.
भियांना हैदराबादचं विचारलं. म्हणाले, आपका नाम तो कब का चढ़ गया. चला, एक काळजी मिटली.

२३ जुलै
इन्स्टिट्यूटच्या शटरला कुलूप. भिया फोन उचलत नाहीत. खालचा पानवाला म्हणाला, कॉम्प्युटर तो टेम्पो में गए, मॅडम, भिया भी साथ में. जागा बदलत असणार. काकांनाही तेच सांगितलं.

३० जुलै
वेबसाइट अजून चालू आहे. काकांनी विचारलं, सायबर कॅफेतून हाजिरी लागेल ना? मी म्हणाले, संदेश येईल.
तरी ते इथेच येतात, शटरसमोर. आज म्हणाले, मी हाजिरीला येतो, पण तू रोज कशाला येतेस? सांगितलं, हैदराबादचं पत्र याच पत्त्यावर यायचंय. नेमकी त्याच दिवशी मी नसले तर?
काका हसले नाहीत. पायरीवर जरा सरकले आणि माझ्यासाठी जागा केली.
मी बसले नाही. माझं वेगळं आहे.