तेहतीसच्या वेगाने

ता. ८ जून

ती. स्व. आत्यास,
टकळीचा सा. न. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे ते आधी कळव. काठी घेऊन जिन्यापर्यंत जातेस असं आई म्हणाली, आणि काठी कोपऱ्यात ठेवून पुढे जातेस असं तुझी शेजारीण म्हणाली. मी शेजारणीवर विश्वास ठेवला आहे.

आता माझी बातमी, आणि ती चांगली नाही. रेडिओवरच्या माझ्या कार्यक्रमाची पद्धत तुला माहीत आहेच. दर शनिवारी एक विषय घ्यायचा आणि त्यावरची जुनी रॉक अँड रोल गाणी लावायची. कधी टेलिफोनची, कधी मोटारींची, एकदा तर नुसती बुटांची. परवाचा विषय होता पहिली ओळख. त्यासाठी मी तू दिलेल्या खोक्यातली ती छोटी रेकॉर्ड काढली, जिच्यावर तू नवख्यांना नाचाचा पहिला धडा द्यायचीस. तिच्या आधी मोठी रेकॉर्ड वाजली होती, त्यामुळे यंत्राचा वेगाचा खटका मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर होता. छोटीसाठी तो पंचेचाळीसवर न्यायचा असतो, नाहीतर गाणं रेंगाळतं. हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि मी विसरले. गाणं घोगऱ्या आवाजात रखडत सुरू झालं आणि आत्या, मला काही म्हणता काही वावगं वाटलं नाही! तुझ्या वर्गात ते तसंच वाजायचं ना. मी पायाने ताल धरून आख्खं गाणं ऐकलं. काचेपलीकडून आमचे ध्वनितंत्रज्ञ काका दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, रंगात आलेत. मीही हात हलवले.

मग फोन सुरू झाले. एकाने विचारलं की गायकाला सर्दी झाली आहे का. गाणारी बाई आहे हे नाव वाचून मला ठाऊक होतं, पण कानाला कधी पटलं नव्हतं. केंद्रप्रमुखांनी बोलावून माझी चांगलीच हजेरी घेतली. जिला गाण्याचा वेग कळत नाही तिने हवामान वाचावं, असं म्हणाले. कार्यक्रम अजून चाचणीवरच आहे. येत्या शनिवारी मला सुट्टी, म्हणजे शिक्षाच, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी श्रोत्यांना खुलासा द्यायचा. तो ऐकून ते कार्यक्रम ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. काका भला माणूस. यंत्राचा पट्टा सरकला असं सांग, मी मान डोलावतो, असं ते म्हणाले. मी तसंच सांगणार आहे. खरं सांगायचं तर तुझा वर्ग मध्ये येणार, आणि बाबा अजूनही लोकांना सांगतात की बहीण व्यायामाचा वर्ग चालवायची. उगाच घरात वादळ नको. पण हा कार्यक्रम गेला तर मला फार लागेल, आत्या. बाकीची नोकरी कुणीही करेल. एवढं एकच माझं आहे.

बाबांना यातलं काही कळवू नकोस. माया करतेस तशीच करत राहा.

तुझी,
टकळी


ता. १२ जून

चि. टकळीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग भडकले, आणि आता डोकं थंड करून लिहायला बसले आहे. कंबर ठणठणीत आहे. शेजारणीला दुसरा उद्योग नाही.

यंत्रावर ढकलायचं नाही. त्या बिचाऱ्या पट्ट्याने तुझं काय घोडं मारलंय? खटका बघितला नाहीस ही तुझी चूक, ती एकदा सरळ कबूल कर आणि मोकळी हो. पण गाण्याबद्दल माफी मागितलीस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. तो वेग माझा आहे.

तू फार लहान होतीस, तुला हे माहीत नाही. सुरुवातीला मीही रेकॉर्ड तिच्याच वेगाने लावायची. माझ्याकडे यायचं कोण? बेकरीतली बाई, दिवसभर उभं राहून पाय सुजलेली. टेलिफोनच्या ऑफिसातल्या दोघी. बँकेतला एक कारकून, जो नाचताना स्वतःच्या बुटांकडेच बघायचा. पायात पाय अडकायचे, माणसं लाजून घरी जायची ती परत यायची नाहीत. हॉल रिकामा होत चालला. एका संध्याकाळी मी वैतागून खटका मागे ओढला. गाणं पेंगुळल्यासारखं झालं आणि सगळे खो खो हसले. पण हसता हसता पावलं बरोबर पडायला लागली. कारकुनाने मान वर केली आणि समोरच्या बाईकडे पहिल्यांदा बघितलं. पुढे त्यांचं लग्न झालं. तेव्हापासून ती रेकॉर्ड कायम तेहतीसवर. ती जमली की मगच दुसरी, खऱ्या वेगाची. हे मला कुणी शिकवलं नाही. मी शोधून काढलं, आणि गावातली निम्मी माणसं त्यावर नाचायला शिकली. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी कुणाला भिऊन कपाटात ठेवणार नाही.

तेव्हा खरं सांग. गाणं दोनदा लाव, आधी माझ्या वेगाने, मग त्याच्या. आणि व्यायामाचा नव्हे, नाचाचा वर्ग म्हण. दादाचं मी बघते. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली त्याने, पण बहिणीच्या वर्गाची पायरी एकदा चढला नाही. न्यायला यायचा तोही खालूनच हाक मारायचा.

कार्यक्रम गेला तर गेला असं मी म्हणणार नाही. शनिवारी तुझा आवाज आला की मी रेडिओ खिडकीत ठेवते, शेजारणीलाही ऐकू जावा म्हणून. पण पट्ट्याची थाप मारून तो टिकला, तर मला खिडकी लावून ऐकावा लागेल. ते मला जमायचं नाही.

जेवणाखाण्याकडे लक्ष दे. आशीर्वाद आहेतच.

आत्या


ता. २२ जून

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं! सगळं सांगितलं!

पट्ट्याचं नाव काढायचं नाही हे काकांना आधीच बजावलं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि मला पाणी आणून दिलं. लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. टकळीची ही अवस्था! मग एका दमात बोलून टाकलं की खटका बघितला नाही ही चूक माझी, पण ती मला ऐकू आली नाही, कारण माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीचा नाचाचा वर्ग होता आणि तिथे मी हे गाणं असंच ऐकत वाढले. बेकरीवाल्या बाई, कारकून, तुझी युक्ती, सगळं आलं. संथ गाण्यावर मी तुझ्यासारखी मोठ्याने मोजत गेले. नंतर खटका पुढे केला. गाणं असं काही उसळलं की काका या वेळी खरोखर नाचत होते. मी नीट बघून खात्री करून घेतली.

फोन घेणारी मुलगी रडकुंडीला आली. बेकरीतल्या बाईंच्या लेकीचा फोन आला. तुझ्या कारकुनाचा आला. आता आजोबा झालेत, आणि बायको मागून फोन ओढत होती तरी सोडायला तयार नव्हते. एका बाईंनी एवढंच विचारलं की बाई अजून शिकवतात का. त्यांना काय सांगू ते कळव.

केंद्रप्रमुख स्वतः स्टुडिओत आले. मी पिशवी भरूनच ठेवली होती. ते उगाचच खोकले आणि म्हणाले की चाचणीबिचणी संपली, कार्यक्रम चालू राहणार, आणि महिन्यातून एकदा असा धडा पाहिजे. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं की आधी कुठला पाय मागे घ्यायचा. मी शिकवलं, आत्या. केंद्रप्रमुखांना, दारात! नोकरी लागली तेव्हासुद्धा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला नव्हता. तुझा तर किती वाटला ते लिहीत नाही, फुगून बसशील.

एकच गोष्ट मनाला लागून आहे. बाबांचा फोन नाही. रविवारी मी केला तर आईने उचलला आणि ते दुकानात आहेत म्हणाली. रविवारी दुकान बंद असतं. फार दुखावलेत का गं? बघते म्हणाली होतीस, तर आता बघ.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
टकळी


ता. २४ जून

चि. भिंगरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पोरीला वाटतंय मी रागावलोय. तुलाही तेच वाटत असणार, म्हणून लिहितो. फोनवर मला बोलता येत नाही. तुम्हा दोघींपुढे बोलायला सापडतं कुणाला? रविवारी मी दुकानातच होतो, दार लोटून. मला जरा एकट्याला बसायचं होतं.

तिचा कार्यक्रम मी दर शनिवारी दुकानात ऐकतो. हे तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. ज्या दिवशी खटका चुकला त्या दिवशीही ऐकत होतो. गाणं चालू असताना शेजारचा चष्मेवाला आत आला आणि म्हणाला की तुमच्या मुलीचं यंत्र बिघडलेलं दिसतंय, गाणं रडतंय नुसतं. मी त्याला म्हटलं की कान तपासून घे, गाणं अगदी बरोबर आहे. तो ऐकेना, मीही ऐकेना. गिऱ्हाइकांसमोर आमची जुंपली. घड्याळ मागे पडत असेल तर मला नुसत्या आवाजावरून कळतं, तू मला वेग शिकवू नकोस, असं मी त्याला सुनावलं.

परवाच्या शनिवारी पोरीने खरं सांगितलं तेव्हा कळलं की चष्मेवाला बरोबर होता. पण मला कळणार तरी कसं? मी ते गाणं दुसऱ्या वेगाने कधी ऐकलंच नव्हतं. तुला हाक मारायचो ती वर्ग सुटल्यावर, पण येऊन बसायचो तो वर्ग सुरू होताना. जिन्याच्या खालच्या पायरीवर. दुकान लवकर बंद केलं म्हणून वडिलांची बोलणी खायचो आणि तुझं मोजणं ऐकत बसायचो. किती छान मोजायचीस तू! वर यायला मात्र धीर झाला नाही.

वडिलांची सख्खी बहीण असं ती म्हणाली तेव्हा दुकानात चार माणसं होती. चष्मेवालाही होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून रेडिओचा आवाज वाढवला. ती मोजायला लागली आणि माझ्या तोंडून तिच्या आधी आकडे निघायला लागले, पायसुद्धा हलायला लागले. चष्मेवाल्याने तोंडाचा आ करून विचारलं की हे कुठे शिकलात. मी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या बहिणीच्या नाचाच्या वर्गात.

वहिनीचे आशीर्वाद. आता भेटायला आलो की वरपर्यंत येईन.

तुझा,
दादा