मळी कुणी घातली

आबा, काल वर्गात एन्झाइमं शिकवताना तुम्ही आठवलात आणि तास संपला तरी मनातून गेला नाहीत.

कळप विकून तुम्ही शेळगावला ऊस लावलात, तरी चार मेंढ्या दारात ठेवल्याच होत्या. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बीएस्सीला होते. नव्वदनंतरची वर्षं ती. दिवाळीच्या सुट्टीत मेंढ्यांचं काम माझ्याकडे आलं. माळावर चारून आण, भुशात ओंजळभर मळी कालव, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. पण मला पुस्तक सोडवत नव्हतं. साखर कारखान्याची ती काळी, गोड मळी घातली की मेंढ्या जागच्या हलत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मग माळावर जाणं बंद करून मी रोज तांब्या तांब्या मळी ओतत राहिले.

एका सकाळी त्यातली गाभण मेंढी भिंतीला धडकली. मान मागे टाकून आभाळाकडे बघत होती, पण तिला दिसत काहीच नव्हतं. दुपारी आडवी पडून पाय झाडायला लागली. आई म्हणाली, "आता ही काय जगत न्हाय." तुम्ही मिळेल त्या गाडीने लासुर्ण्याला गेलात आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून आलात.

डॉक्टर विचारतात, "मळी किती घालता?" मी पायाच्या अंगठ्याने माती उकरते आहे. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघता. "जास्त झाली, सायेब. माजीच चूक हाय."

"जन्म मेंढरांत गेला तुमचा, आणि एवढं कळू नये?" डॉक्टर सगळ्यांसमोर झापतात. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेता.

त्यांनी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मेंढी उठली आणि तुमच्या हातातला पाला बघून पुढे आली.

"सुईतल्या एवढ्याशा पाण्यात काय असतं गं?" तुम्ही विचारलंत.

"आबा, साखरंतनं ताकद काढायचं काम अंगातली एन्झाइमं करत्यात. त्यांना बी-वनचा बारका कण लागतो. मळी लई झाली की पोटात बी-वन टिकत न्हाय. कण न्हाय मिळाला तर ती नुसती बसून ऱ्हात्यात. मेंदूला ताकद पुरत न्हाय, मग दिसत न्हाय."

"आन् कण मिळाला की?"

"लगीच कामाला लागत्यात."

"म्हंजी ती मराया लागली नव्हती."

"न्हाय. खोळंबली होती."

तुम्ही बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मळीबद्दल तेव्हाही काही विचारलं नाहीत. नंतरही कधी नाही. मेंढी महिन्याभराने सुखरूप व्याली. सुईतल्या पाण्याच्या तुमच्या त्या प्रश्नामुळे मी पुढे जीवरसायनशास्त्र घेतलं, हे तुमच्या हयातीत बोलायचं राहिलं. आता लिहिते आहे, पण हा कागद माझ्या वहीतच राहणार.

आबा, दरवर्षी मी वर्गात हीच मेंढी सांगते. काल मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, एवढी मळी घातली कुणी?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. त्यांना अंदाज नव्हता."