वाळूवरून नेलेला निरोप

७ एप्रिल

आज नदीतून धावले! काठाने नाही, नदीतून.

प्राणहिता इतकी आटली आहे की अर्ध्याहून जास्त पात्र म्हणजे नुसती वाळू. सिरोंच्यात आल्यापासून सडकेने धावत होते — ट्रक, धूळ आणि मागे लागणारी कुत्री. आज घाटावरून सरळ खाली उतरले. काठची वाळू भुसभुशीत, पाय रुततो. पण पाणी नुकतंच हटलं तिथली चोपलेल्या अंगणासारखी टणक. मध्ये एकच धार, गुडघाभर. बूट हातात घेऊन पार केली. पलीकडे परत वाळू आणि मग तेलंगणा. कोणी अडवलं नाही.

घरी येऊन मोबाईल बघितला. नकाशात नदी पूर्ण निळी, आणि माझी रेघ पाण्यावरून सरळ गेलेली. आईला फोटो पाठवला. लगेच फोन — ब्रह्मपुरीले वैनगंगा नव्हती काय धावाले? बँकेत लागली तं नोकरी कर ना गुपचूप!

१० एप्रिल

वाट सरकली. परवा जिथून धार ओलांडली तिथे आज खड्डा. कमरेएवढं पाणी. वर जाऊन दुसरी जागा शोधावी लागली. रोज नवी वाट — हे मला फार आवडायला लागलंय.

१३ एप्रिल

वाळूत एका बाईची डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी आहे. वेल, त्यांना हांडीने पाणी, कडेला पळसाच्या फांद्यांची सावली. बाई माझ्या आईच्या वयाची. मी गेले की उभी राहते, बघते. आज हात दाखवून थांबवलं आणि अर्धं डांगर कापून दिलं. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू. नाव कळलं — पोशक्का. गुडघ्यावर फडकं बांधलं होतं.

माझ्या बुटांकडे बराच वेळ बघत होती. मग पलीकडच्या काठाकडे बोट केलं. रोज तिकडे जाते का? हो म्हटलं. ती विचारात पडली. कशाच्या, कोण जाणे.

१९ एप्रिल

आज अजबच काम मिळालं.

पोशक्काने मला एक वाक्य पाठ करायला लावलं. तुकड्यातुकड्याने, शाळेत घेतात तसं. चुकलं की मान हलवायची, परत. "मामिडि तोक्कु पेट्टिना. नी वाटा उन्नदि." मग मोडक्या हिंदीत — उधर, पहला घर, मौनिका, मेरी बेटी. उसको बोलो.

फोन कर ना, अशी खूण केली. तर तिने मोबाईल काढून लावून दाखवला. वाजला, वाजला, कट झाला. परत लावला, परत कट. मोबाईल कमरेला खोचला.

वाक्य विसरू नये म्हणून पावलांच्या ठेक्यावर म्हणत गेले. त्यात "वाटा" म्हणजे काय? आपला वाटा की वाट? पहिल्या घरी एक तरुण बाई अंगण झाडत होती. तिच्यासमोर उभी राहिले आणि धापा टाकत म्हणून टाकलं. तिने झाडू थांबवला. माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द — "वद्दु."

हा मात्र मला बाजारात कळला आहे. नको.

परतताना चालतच आले. हे नेऊन सांगायचं कसं? पण सांगितलं. पोशक्काने मान हलवली, जणू माहीतच होतं. डांगर कापलं. उद्याही जा म्हणाली.

२२ एप्रिल

तेच वाक्य. तेच वद्दु.

२४ एप्रिल

शेजारच्या काउंटरवरच्या श्रीहरीला "वाटा" विचारलं. तो इथलाच. म्हणाला, आपला जो वाटा तोच, हिस्सा. पूर्ण काय आहे सांगा. मी सांगितलं नाही. दुसऱ्याचा निरोप उघडून बघितल्यासारखं वाटलं.

पण पोशक्का कोण, एवढं विचारलंच. सगळ्यांना माहीत आहे म्हणे. पोरीने पलीकडच्या मुलाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. बापाने बजावलं — या घरातलं कोणी तिकडे जायचं नाही, तिने इकडे यायचं नाही. मागच्या हिवाळ्यात बाप गेला. पोरीला कोणी कळवलं नाही.

"पोशक्कानंबी नाही?" मी विचारलं.

"नाई ना, मॅडम. तेच तं."

४ मे

रोज जाते. माझं धावणं आता कशासाठी आहे, मलाच कळत नाही. आई विचारते, काय मिळते तुले धावून? मी म्हटलं, डांगर.

मौनिका आता मला बघून झाडू बाजूला ठेवते. उभी राहून पूर्ण ऐकते. मग वद्दु. आज मध्येच हसू दाबलं का तिने? मी काहीतरी चुकीचं म्हणते आहे का?

१२ मे

आज मी पार वेडी ठरले!

वाक्य म्हटलं. मौनिकाने पाण्याचा गिलास आणून दिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मले मराठी येते, मॅडम. दहावीपर्यंत सिरोंच्यालेच शिकली मी."

मी गिलास धरून उभी. मग इतके दिवस सांगितलं काऊन नाही?

"तुमचं तेलुगू लय खराब आहे," ती म्हणाली. "पण बोलणं आईचंच आहे. तसंच थांबून थांबून. मले आयकायचं होतं."

मग अर्थही तिनेच सांगितला. आंब्याचं लोणचं घातलंय. तुझा वाटा ठेवलाय. एवढंच! एवढंच मी रोज ओझं वाहिल्यासारखं नेत होते.

ओट्यावर बसलो. तिचा नवरा आतून डोकावून गेला. तिने जे सांगितलं ते फार नव्हतं. लग्नाच्या दिवशी ती सकाळपासून काठावर उभी होती, आई येईल म्हणून. आई आली नाही, ते ती समजू शकते, बाप होता. पण बाप गेल्याचं तिला मासोळी विकणाऱ्याकडून कळलं. धावत नदीपर्यंत आली तर पलीकडे धूर दिसला.



"लोणचं नाई पायजे मले," ती म्हणाली. "तिनं इथी येऊन तोंडानं सांगावं, काऊन नाही बलावलं ते." आणि आता माझी शिकवणी तिने घेतली. "अम्मनि रम्मनु." आईला यायला सांग. लहान होतं, परतताना पावलांत लगेच बसलं.

पोशक्काला म्हटलं. तिने परत म्हणायला लावलं. परत. मग वेलांना पाणी घालायला गेली, हांडी रिकामी होती तरी.

१५ मे

आज तिने काही निरोप दिला नाही. मीच सुचवलं, पुलावरून जीपने जाऊ, मी नेते. "वद्दु. स्टँड पे सब पूछेगा. किधर, किधर." वाळूवर कोणी विचारत नाही, हे खरं.

म्हणजे चालत. त्या गुडघ्यांनी.

१८ मे

रविवार. पोशक्का आणि मी उजाडतानाच निघालो, लोणच्याची बरणी तिने पदरात बांधून घेतली. माझं आजवरचं सगळ्यात हळू "धावणं". मी पुढे जाऊन धार कुठे उथळ आहे ते बघायचं, असं रात्रीच ठरवलं होतं, पण वाट तिनेच काढली, काठी टेकत. धारेत माझा हात धरला. तळवा खरखरीत आणि घामेजलेला. मधोमध थांबली. मला वाटलं गुडघा. पण ती समोर बघत होती. मौनिका काठावर उभी होती.

पोशक्का परत फिरते की काय, अशी भीती वाटली. तेवढ्यात ती स्वतःच चालायला लागली.

मी धारेतच थांबले. पलीकडे आधी मौनिका बोलली, रागात, आईच्या गुडघ्याकडे हात करून. पोशक्का बरणी धरून ऐकत होती. मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. एक अक्षर मला कळलं नाही आणि पहिल्यांदाच कळून घ्यावंसंही वाटलं नाही. मौनिका खाली वाळूत बसली. मग पोशक्काही, कशीबशी, पाय लांब करून.

मी वळले आणि धावत घरी आले.

२ जून

पोशक्का एक दिवसाआड पलीकडे जाते. मी नसले तरी. आज मला हात केला, थांबवलं नाही. मी वरच्या अंगाला नवी वाट शोधली, एका बेटाला वळसा घालून. त्यावर पांढऱ्या पक्ष्यांची अंडी उघड्यावरच! लांबून वळले.

२४ जून

पाणी आलं. इथे पाऊस नाही, वरून आलं. सकाळी घाटावर गेले तर वाळू नाही, वाडी नाही, वाट नाही. सगळं गढूळ, या काठापासून त्या काठापर्यंत.

पोशक्काच्या घराला कुलूप. शेजारणीने हिंदीत सांगितलं — परवाच पलीकडे पोरीकडे गेली, किल्ली देऊन. कोंबड्याही टोपलीत घालून नेल्या.